पुसता पुसता राहिलेली चार मिनिटं

माणूस स्टिअरिंग कसं फिरवतो याचं गणित मांडणं हे माझं काम. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मंगळवेढ्याहून सोलापूरला येताना आम्ही नोंदी घेत होतो. स्टिअरिंगला कोन मोजणारा सेन्सर, लेनच्या पट्ट्यावर खाली रोखलेला कॅमेरा आणि गाडी चालवायला उभा जन्म ट्रकवर काढलेले मामा. त्यांना सांगितलं होतं, ताशी पन्नास, डावी लेन, ओव्हरटेक करायचं नाही.

आमचं समीकरण साधं होतं. गाडी लेनच्या मध्यापासून जितकी सरकेल, त्या मानानं चाक उलटं फिरवायचं. पण डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो आणि पन्नासच्या वेगात तेवढ्यात गाडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. उशिरा कळलेली चूक जोरात सुधारायला गेलं की गाडी डोलायला लागते. संगणकावरची आमची गाडी अशीच डोलायची. मामांच्या स्टिअरिंगच्या आलेखाची रेघ मात्र संथ होती, आणि ती तशी का, हेच तर मला शोधायचं होतं.

संध्याकाळी आलेख उघडला, तर कामती सोडल्यावर चार मिनिटं ती रेघ बाभळीच्या फांदीसारखी काटेरी झालेली. गाडी लेनमधून हललेली नव्हती, पण स्टिअरिंगला बारीक बारीक झटके. सेन्सर सैल झाला असणार, असं समजून मी तेवढा भाग पुसायला घेतला. मामा शेजारीच चहा पीत बसले होते, म्हणून सहज विचारलं.

"सेन्सर बिन्सर काय नाही ओ साहेब. पुढं कडब्याची गाडी नव्हती का? दोन्ही अंगानं गंज बाहेर आलेली, लांबचं काय दिसंना. मग बॉनेटपुढचा पट्टा बघून धरत होतो. ओव्हरटेक नको म्हणालात की तुम्हीच."

कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा लावलं. बरोबर त्याच चार मिनिटांत रस्त्यावर कडब्याच्या काड्या गळून पडलेल्या दिसत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. लँड आणि हॉरवुड या संशोधकांनी 1995 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं होतं. त्यांनी सिम्युलेटरवर चालकांना रस्त्याचा ठरावीक तुकडाच दाखवला. फक्त जवळचा दिसला, तर गाडी लेनमध्ये राहते पण चाक झटके खातं. फक्त लांबचा दिसला, तर चाक मऊ फिरतं पण गाडी लेनमध्ये नीट बसत नाही. मी हा निबंध कितीदा वाचला होता, तरी समोर घडलेलं मला ओळखू आलं नाही.

मग आमचं समीकरण बाजूला ठेवून साल्वुची आणि ग्रे या संशोधकांचं 2004 सालचं, चालक रस्त्यावरचे एक लांबचा आणि एक जवळचा असे दोन बिंदू बघतो असं मानणारं समीकरण घेतलं. त्यात लांबचा बिंदू किती वेगानं सरकतो, जवळचा किती वेगानं सरकतो आणि जवळचा मध्यापासून किती ढळलाय, या तिन्हींवरून चाक किती झपाट्यानं फिरेल ते ठरतं. मामांच्या मोकळ्या रस्त्यावरच्या नोंदींना ते छान बसलं. मग त्या चार मिनिटांपुरतं लांबच्या बिंदूचं वजन शून्य केलं आणि संगणकावरच्या रेघेलाही काटे फुटले.

एका चालकाच्या एका फेरीवर मी निष्कर्ष काढणार नाही. कडब्याच्या गाडीमागून मुद्दाम आणखी फेऱ्या घ्यायच्या आहेत, वेगवेगळ्या चालकांबरोबर. तोवर नोंदवहीत वेळ, वेग, लेन यांच्यापुढे मी एक रकाना वाढवलाय: 'पुढे काय होतं?' तो भरायचं काम मामांकडे आहे.