ग्वाडलकनाल: तांदळावर ठरलेली लढाई

ब्रिस्बेनहून होनियाराला, म्हणजे ग्वाडलकनाल बेटावरच्या सॉलोमन आयलंड्सच्या राजधानीला, विमानाने साधारण तीन तास लागतात. खाली बराच वेळ नुसता निळा समुद्र, मग एकदम ढगात डोकं घातलेले हिरवे डोंगर आणि किनाऱ्याला लागून माडांच्या रांगा, इतक्या सरळ की दोरी धरून लावल्यासारख्या, आणि मला आमचं गुहागरच आठवलं. आणि मग चाकं टेकली. ज्या धावपट्टीसाठी ऑगस्ट १९४२ पासून फेब्रुवारी १९४३ पर्यंत सहा महिने जपान आणि अमेरिका एकमेकांच्या जिवावर उठले होते तीच ही जागा. तेव्हाचं नाव हेंडरसन फील्ड, मिडवेच्या लढाईत गेलेल्या मेजर लॉफ्टन हेंडरसन या पायलटच्या नावावरून. आता होनियारा इंटरनॅशनल एअरपोर्ट असा बोर्ड आहे, पण त्या भागाला लोक अजून हेंडरसनच म्हणतात.

निघताना आईने फोनवर विचारलं होतं, पितृपंधरवड्यात कसला गं प्रवास, आठ दिवस थांबलीस तर काय बिघडेल. नवऱ्याची सुट्टी तेव्हाच होती म्हणून निघालो खरं, पण तिचं ते वाक्य माझ्याबरोबर चार दिवस त्या बेटावर फिरत होतं, का ते पुढे सांगते.

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला इंफाळ, कोहिमा, ब्रह्मदेश एवढं तरी माहीत असतं, पॅसिफिकमधली ही बेटं मात्र राहूनच जातात. थोडक्यात सांगायचं तर असं, की १९४२ च्या जुलैत जपान्यांनी ग्वाडलकनालवर विमानतळ बांधायला घेतला. तो पूर्ण झाला असता तर अमेरिका-ऑस्ट्रेलिया समुद्रमार्गावर त्यांच्या बॉम्बर विमानांचा धाक बसला असता, म्हणून ७ ऑगस्टला मेजर जनरल व्हॅन्डेग्रिफ्टच्या हाताखाली अमेरिकेची फर्स्ट मरीन डिव्हिजन, म्हणजे समुद्रातून उतरून लढणारं सैन्य, उतरली, साधारण अकरा हजार माणसं या बेटावर, आणि दुसऱ्याच दिवशी अर्धवट धावपट्टी त्यांच्या हातात. इतक्या पटकन की जपानी बांधकामवाले स्वयंपाक तसाच टाकून जंगलात पळाले होते. ट्रक, रोडरोलर, बर्फाचा कारखाना आणि तांदळाची पोती, सगळं मागेच राहिलं.

हा तांदूळ लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी आम्ही गाडी ठरवून स्कायलाइन रिजवरच्या अमेरिकन स्मारकावर गेलो. गाडीवाले काका साठीच्या आसपासचे, मलाइता बेटावरचे, पिजिन ही तिथली इंग्लिशवरून आलेली बोली आणि इंग्लिश मिसळून बोलायचे. स्मारक १९९२ चं, पन्नास वर्षं झाली तेव्हाचं, लालसर दगडाच्या भिंतींवर एकेक लढाई कोरलेली आणि भिंतींच्या दिशा त्या त्या रणभूमीकडे वळवलेल्या, म्हणजे वाचायचं आणि मान वर करून तिकडे बघायचं. समोर समुद्र आणि पलीकडे साव्हो बेट. ८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तिथे जपानी क्रूझरांनी अंधारात हल्ला करून क्विन्सी, व्हिन्सेन्स, अस्टोरिया आणि ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा अशा चार मोठ्या युद्धनौका संपवल्या, हजाराच्या वर खलाशी गेले. पुढच्या महिन्यांत दोन्ही बाजूंची इतकी जहाजं बुडाली की त्या पाण्याचं नावच आयर्न बॉटम साउंड पडलं, लोखंडी तळाचा समुद्र. दुपारी चारच्या उन्हात ते पाणी इतकं शांत होतं की बघवत नव्हतं.

तर साव्होच्या दणक्यानंतर मालवाहू जहाजं अर्धं सामान न उतरवताच निघून गेली. किनाऱ्यावरच्या मरीन्सना दिवसातून दोनच वेळा जेवण आणि त्यात मोठा भाग कसला, तर तोच जपान्यांचा ताब्यात आलेला किडे पडलेला तांदूळ. जपानी रोडरोलर फिरवून त्यांनी धावपट्टी पुरी केली, २० ऑगस्टला पहिली एकतीस लढाऊ विमानं उतरली, आणि तोवर पोट भरलं ते बरंचसं शत्रूच्या भातावर. आमच्या घरी भाताशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही, म्हणून असेल, पण मला तोफांपेक्षा ही गोष्ट जास्त भिडली आणि मग मी चारही दिवस तांदूळच शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे. लुंगाच्या बाजूची ही माडाची लागवड एकेकाळी लिव्हर कंपनीची, हो, तेच लिव्हर, ज्यांचा सनलाइट आणि लाइफबॉय आपल्या घरोघरी होता. साबणाला खोबरेल लागायचं म्हणून इथे माड लावलेले. त्याच माडांमधून वाहणाऱ्या खाडीच्या तोंडाशी २१ ऑगस्टच्या पहाटे जपानी कर्नल इचिकीचे साधारण नऊशे लोक मरीन्सवर सरळ चालून आले आणि त्यातले आठशेच्या आसपास त्या वाळूतच मेले. त्यांच्याबरोबर खाणं होतं सात दिवसांचं. खाडी अगदी साधी आहे, आपल्याकडे ओहोळ म्हणतो तेवढीच, वाळूचा बांध, दोन पोरं गळ टाकून बसलेली.

इथे काकांनी गाडी बंद करून जेकब व्हौझाची गोष्ट सांगितली आणि ते ज्या पद्धतीने सांगत होते ना, की आपल्याकडे कोणी तानाजीची गोष्ट सांगावी. व्हौझा हे इथलेच, पोलिसातून निवृत्त झालेले, लढाई सुरू झाल्यावर पुन्हा कामाला आले. इचिकीच्या लोकांनी त्यांना पकडलं, त्यांच्याजवळ छोटा अमेरिकन झेंडा सापडला, झाडाला बांधून चौकशी केली, तोंड उघडत नाहीत म्हणून संगिनी खुपसल्या, गळ्यातसुद्धा, आणि मेला समजून सोडून गेले. व्हौझांनी दोर दातांनी तोडला, रक्त गळत मैलोन् मैल सरपटत अमेरिकन आघाडीपर्यंत पोचले आणि हल्ला येतोय ही खबर दिली. त्यांना पुढे सर ही पदवी मिळाली, १९८४ पर्यंत जगले. त्यांचं स्मारक होनियारात पोलीस मुख्यालयापाशी रोव्हला आहे, नक्की बघा.

ब्लडी रिजही त्याच दिवशी केलं. विमानतळाच्या दक्षिणेला गवताळ टेकड्यांची एक लांबट धार आहे, झाडं नाहीत, ऊन नुसतं भाजून काढतं. १२ ते १४ सप्टेंबरला मरीन्सचे अधिकारी एडसन यांचे आठशे-साडेआठशे लोक या धारेवर जपानी सेनानी कावागुचीच्या सैन्याला अडवून धरून होते. खंदकांचे खळगे अजून गवतात पायाला जाणवतात. मला तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही.

तिसरा दिवस पश्चिमेकडे, बोनेगीचा किनारा. इथे अगदी किनाऱ्यालगत, पोहत जाता येईल इतक्या जवळ, किनुगावा मारू नावाचं जपानी मालवाहू जहाज पडलंय. गंजलेला सांगाडा, त्यावर प्रवाळ, त्यातून निळेपिवळे मासे, आणि गावातली पोरं पाण्यात उड्या मारतायत. नवरा आणि मी मास्क लावून उतरलो. नोव्हेंबरमध्ये अशी अकरा जहाजं सैनिक आणि धान्य घेऊन निघाली होती, १४ तारखेला दिवसभर हेंडरसनच्या आणि एंटरप्राइज या विमानवाहू जहाजावरच्या विमानांनी ती वाटेतच फोडली, आणि जी चार उरली ती १५ ला पहाटे मुद्दाम किनाऱ्यावर चढवली, निदान माल तरी उतरेल म्हणून. उजाडल्यावर विमानं आणि तोफांनी तीही पेटवली, आणि त्यांच्याबरोबर उतरवलेला बराच साठा पण.

त्यानंतर जपान्यांनी काय केलं ऐका. तेलाची रिकामी पिंपं धुवायची, तरंगावी म्हणून अर्धवटच धान्याने भरायची, दोरीने एकमेकांना बांधायची, रात्री विनाशिका जोरात किनाऱ्यापर्यंत यायच्या, पिंपं समुद्रात ढकलायच्या आणि उजाडायच्या आत परत फिरायच्या, कारण दिवसा आकाश अमेरिकनांचं. किनाऱ्यावरच्या उपाशी सैनिकांनी दोरी ओढून पिंपं वर घ्यायची. ३ डिसेंबरच्या रात्री अशी दीड हजार पिंपं टाकली आणि हाताला लागली तीनशे दहा. बाकीची पाण्यातच राहिली, सकाळी विमानांनी गोळ्या घालून बुडवली. दोर ओढायचीसुद्धा ताकद अंगात नव्हती त्या लोकांच्या. मी त्या किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर नुसती ती पिंपं, फुटलेली, आणि लाटेवर सांडलेला तांदूळ.

जपानीत ग्वाडलकनालला थोडक्यात गा-तो म्हणायचे, तो म्हणजे बेट, आणि सैनिकांनी त्यातला गा भुकेच्या अक्षराने लिहायला सुरुवात केली. भुकेचं बेट. तीस हजारांहून जास्त जपानी सैनिक इथे उतरले, वीस हजारांच्या वर मेले आणि त्यातले बहुतेक गोळीने नाही, उपासमारीने आणि मलेरिया-आमांशाने. एका अधिकाऱ्याच्या डायरीत त्यांचा हिशोब आहे, की उभा राहू शकतो तो तीस दिवस जगेल, बसू शकतो तो तीन आठवडे, उठता येत नाही तो एक आठवडा, पडल्या पडल्या लघवी करतो तो तीन दिवस, बोलणं बंद झालं की दोन, पापणी हलायची थांबली की उद्या. हे मी ट्रिपच्या आधी वाचलं होतं, पण तिथे पुन्हा आठवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री-रात्री जहाजं आणून जपान्यांनी साडेदहा हजारांवर माणसं गुपचूप काढून नेली, ९ तारखेला अमेरिकनांना कळलं की समोर कोणी उरलंच नाही.

जेवायला काकांनी केळीच्या पानात गुंडाळलेला मासा आणि भात आणला होता. तिथे हल्ली तांदूळ बाहेरूनच येतो, बाजारात सोलराइसच्या पिशव्या सगळीकडे दिसतात. जेवताना त्यांनी आजोबांचं सांगितलं. त्यांचे आजोबा लेबर कोअरमध्ये, म्हणजे मजुरांच्या दलात होते, किनाऱ्यावर जहाजं उतरवायची, पेट्या वाहायच्या. ते लोक युद्धाला बिकफाला फाएट म्हणतात. ज्यांचं हे बेट त्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, पण गावं सोडून जंगलात राहावं लागलं, बागा उद्ध्वस्त झाल्या. आणि आजोबा सांगायचे म्हणे, की सगळ्यात नवल कशाचं वाटलं तर काळ्या अमेरिकन सैनिकांचं, गोऱ्यांसारखेच कपडे घालणारे, त्यांचाच डबा खाणारे, आणि आम्हाला शेजारी बसवून खायला देणारे. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या इंग्रज साहेबाने कधी असं बसवलं नव्हतं. युद्ध संपता संपता मलाइतावर मासिना रुरु ही ब्रिटिशांविरुद्धची चळवळ उभी राहिली, तिच्या मागे हा अनुभव होता. एकत्र बसून जेवणं केवढी मोठी गोष्ट आहे हे आपल्या महाराष्ट्रात तरी वेगळं सांगायला नको.

दुपारी माउंट ऑस्टिन. पायवाट सोडून जाऊ नका असं काका दोनदा बजावून म्हणाले. बेटावर अजून न फुटलेले गोळे निघतात, २०२१ मध्ये होनियारात लोक चूल पेटवून स्वयंपाक करत होते, खाली गाडलेला अमेरिकन तोफगोळा फुटला आणि दोघं गेले. ऐंशी वर्षांनी. तेही अन्न शिजवताना.

वर जपानी शांतिस्मारक आहे, पांढरं, स्वच्छ, खाली अख्खी होनियारा आणि तो लोखंडी समुद्र. डोंगराच्या या बाजूला गिफू नावाचं जपानी ठाणं जानेवारीत शेवटपर्यंत लढलं, जपानमधल्या आपल्या गावाकडचं नाव दिलं होतं सैनिकांनी. जपानहून अजून माणसं येतात, जंगलात अस्थी शोधतात, अग्नी देतात आणि राख घरी नेतात. दगडाशी कोणीतरी उदबत्त्या लावून गेलं होतं, विझलेल्या काड्या आणि पाण्याची एक छोटी बाटली.

माझ्या डब्यात दुपारचा भात उरला होता. मी फार काही ठरवलं नव्हतं, पण हात आपोआप गेला, भाताची एक मूद केली आणि पानाच्या तुकड्यावर ठेवली, बाजूला पाणी सोडलं. नवरा काही बोलला नाही. काका टोपी काढून उभे राहिले.

रात्री आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल परक्यांचं कशाला. थोडा वेळ गप्प होती, मग विचारलं, "भातावर दही घातलंस का?"

"दही नव्हतं गं तिथे."

"बरं. सर्वपित्रीला मी ठेवते त्यांचा. नावं नसली तरी चालतात त्या दिवशी."