बुटांना आरशासारखी चकाकी आणताना

चामड्याच्या बुटांना आरशासारखी चकाकी आणायची तर हाताचा जोर फारसा कामी येत नाही, असे माझे ठाम मत आहे. कामी येतात ते मेणाचे अत्यंत पातळ थर आणि दोन थरांमध्ये थांबण्याची तयारी. चामडे कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यावर बारीक रंध्रे असतात आणि त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो. ही रंध्रे मेणाने भरून पृष्ठभाग सपाट झाला, की बुटात प्रतिबिंब दिसू लागते.

नाड्या काढून, शिवणीतली धूळ ब्रशने झाडून आणि क्रीम लावून चामडे मऊ केल्यावरच मेणाची डबी उघडावी. जुन्या सुती कापडाचा तुकडा दोन बोटांभोवती एकही सुरकुती न ठेवता ताणून गुंडाळावा, मेणाला नुसता टेकवावा आणि लहान लहान वर्तुळांत फिरवावा. पहिले काही थर बूट उलट निस्तेजच करतात, पण तेव्हा धीर सोडू नये. मेण पातळ करणारे टर्पेंटाइनसारखे द्रावक उडून जायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक थरानंतर 10 मिनिटे तरी थांबावे.

थर पुरेसे बसले, की कापडावर पाण्याचा एकच थेंब घ्यावा. पाणी मेणात मिसळत नाही, त्यामुळे कापड खालचा थर न खरवडता वरून घसरते. बोटांना जाणवणारी ओढ हळूहळू कमी होते आणि धुरकट पृष्ठभागातून काळी, खोल चकाकी वर येते. मला या कामातला हा क्षण सर्वांत प्रिय आहे. कापड चिकटू लागले तर मेण जास्त झाले असे समजावे आणि घासत न बसता बूट वाळू द्यावा.

अशी चकाकी केवळ पुढच्या टोकावर आणि टाचेवर आणावी, कारण तिथे आतून कडक आधार असतो. पाऊल जिथे दुमडते तिथे मेणाचा जाड थर तडकतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. त्या भागाला क्रीम आणि ब्रश एवढेच पुरे. काही जण मेण लवकर बसावे म्हणून ज्योतीची ऊब देतात, ते मला मुळीच पटत नाही, कारण उष्णतेने चामडे कोरडे पडते. अधूनमधून मात्र साचलेले सगळे थर द्रावकाने पुसून चामड्याला पुन्हा क्रीम द्यावे आणि मग नव्याने सुरुवात करावी.