मोडी कागदांच्या एका कोष्टकाने मिळवलेले दुवे

गेली नऊ वर्षे मी बडोद्यात लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम करते. गिऱ्हाईक मंगळबाजारातले असो की अलकापुरीतले, काम सुरू होऊन महिना लोटला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो. गुजराती असेल तर ‘बेन’ आणि मराठी असेल तर ‘ताई’ म्हणून तो विचारतो, ‘‘आपल्याला बॅकलिंक किती आहेत?’’ बॅकलिंक म्हणजे दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्या पानाकडे येणारा दुवा. या प्रश्नातला ‘किती’ मला खटकतो, आणि तो का खटकतो हे प्रत्येकाला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून ही नोंद.

दुव्याला किंमत आली ती संशोधकांच्या एका जुन्या रीतीवरून. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची, म्हणजे दुव्यांवरून पानाचे वजन ठरवण्याच्या गणिताची, मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शोधनिबंधांतील संदर्भ होते. ज्या निबंधाचा हवाला पुष्कळ जण देतात तो महत्त्वाचा, आणि हवाला देणारा स्वतः मान्यवर असेल तर त्या हवाल्याचे वजन अधिक, हाच न्याय त्यांनी वेबपानांना लावला. शिवाय एखाद्या पानाचे वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांत वाटले जात असल्यामुळे, जे पान तीनशे जणांकडे बोट दाखवते त्याच्या बोटाला फारसा अर्थ उरत नाही. आज गूगल क्रम लावताना इतर अनेक गोष्टी पाहते, तरी दुव्यामागचा हा विचार मोडीत निघालेला नाही. आमच्या व्यापारी गावात ‘हवाला’ या शब्दाचा दुसरा अर्थही सर्वांना ठाऊक आहे, आणि विकत घेतलेले दुवे हे त्या दुसऱ्या अर्थाने हवाला असतात, असे मी गिऱ्हाइकांना सांगते. ते लगेच समजतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्याच संकेतस्थळासाठी एका कंपनीला पैसे मोजले. महिन्याभरात त्यांनी एक लांबलचक तक्ता पाठवला. त्यातले निम्मे दुवे ज्या पानांवर होते त्यांचा विषय जुगार होता, उरलेली पाने कोणीही वाचत नसावे अशी होती, आणि प्रत्येक ठिकाणी दुव्याचे शब्द अगदी तेच, शब्दशः एकसारखे. खऱ्या माणसांनी दिलेले दुवे असे कधी नसतात. कोणी लेखाचे नाव लिहितो, कोणी संकेतस्थळाचे, कोणी नुसते ‘इथे पाहा’ म्हणतो. गूगलने २४ एप्रिल २०१२ रोजी पेंग्विन नावाचा बदल आणला तो असल्याच उद्योगांवर, आणि २०१६ नंतर तो मुख्य गणितात मिसळून गेला, त्यामुळे आता असे बहुतेक दुवे नुसते जमेतून वगळले जातात. म्हणजे माझे पैसे शिक्षेवर गेले नाहीत, ते शून्यावर गेले. नको असलेले दुवे नाकारण्याचे साधन सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या मोफत सेवेत, आहे, पण गूगलकडून प्रत्यक्ष कारवाईची सूचना आलेली नसताना घाबरून ते वापरू नये. तसे करताना लोक स्वतःचे चांगले दुवेही कापून टाकतात. पैसे देऊन जाहिरात करण्यात मात्र गैर काही नाही, फक्त त्या दुव्यावर तो प्रायोजित असल्याची खूण असायला हवी. ही खूण गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये आणली. त्याआधी २००५ पासून चालत आलेली ‘नोफॉलो’, म्हणजे हा दुवा जमेत धरू नये असे सांगणारी, खूण तेवढी होती.

आता त्या पानाविषयी, ज्याने मला दुव्यांचा धंदा खरोखर शिकवला.

दांडिया बाजारातले आमचे जुने घर विकायचे ठरले तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मोडी कागदांचे दोन बस्ते निघाले. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत असे कागद अनेकांकडे आहेत आणि वाचता येणारे फार थोडे. मी मोडी शिकायला लागले तेव्हा अक्षरांपेक्षा तारखांनी मला जास्त छळले. कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे काहीतरी लिहिलेले असते. हे अरबी अंकशब्द आहेत: इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, बेरीज ११६१. हा शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत चालणारी जुनी वर्षगणना, आणि त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, असे मी तेव्हा माझ्या वहीत लिहिले होते. पुढे ‘छ’ असे अक्षर आणि एक आकडा दिसतो, तो चंद्राचा म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस. हे सगळे मला चार पुस्तकांतून आणि दोन जाणकारांना विचारून गोळा करावे लागले. तेव्हा वाटले की आपल्याला जे एका जागी सापडले नाही ते आपणच एका जागी मांडावे, आणि सर्व अंकशब्दांचे एक कोष्टक, पाच सोडवून दाखवलेली उदाहरणे आणि आमच्याच पेटीतल्या एका कागदाचे छायाचित्र असे एक पान मी तयार केले.

त्या पानासाठी मी कोणाकडेही दुवा मागितला नव्हता. सहा महिन्यांनी सर्च कन्सोलमधील दुव्यांचा अहवाल उघडला तर मोडी शिकवणाऱ्या एका वर्गाच्या पानावरून, एका घराण्याच्या वंशावळीवरून आणि इतिहासाच्या एका प्राध्यापकांच्या वाचनयादीतून त्या कोष्टकाकडे दुवे आलेले दिसले. माझ्या व्यवसायाविषयी मी मेहनतीने लिहिलेल्या चाळीस लेखांना त्या काळात एकही दुवा मिळालेला नव्हता. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. माझे लेख वाचून ‘छान आहे’ असे म्हणता येत होते, पण दुसऱ्याला स्वतःचे काही लिहिताना त्यांची गरज पडत नव्हती. कोष्टकाची पडत होती. मोडी शिकवणाऱ्याला प्रत्येक वेळी अठ्ठावीस अंकशब्द लिहिण्यापेक्षा एका ठिकाणी बोट दाखवणे सोयीचे होते. तेव्हापासून गिऱ्हाइकांसाठी पान सुचवताना मी एकच प्रश्न विचारते: या विषयावर दुसरा कोणी लिहायला बसला तर त्याला मध्येच उठून काय शोधावे लागेल? माझ्या एका गिऱ्हाइकाचे भांड्यांचे दुकान आहे. त्यांच्या ‘आमच्याविषयी’ या पानाला कोणी दुवा देणार नाही हे उघड आहे. पण किती माणसांच्या पंगतीला किती लिटरचे पातेले आणि किती किलोचा भात लागतो, याचा त्यांच्या स्वतःच्या अनुभवावर आधारलेला तक्ता आम्ही केला, आणि पाककृती लिहिणाऱ्या दोघींनी तो आपणहून जोडला.

असे पान करताना काही बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोष्टक मजकूर म्हणून टाइप करावे, चित्र म्हणून चिकटवू नये; मराठीतला किती तरी उपयुक्त मजकूर आजही स्कॅन केलेल्या चित्रांत किंवा युनिकोडपूर्व फॉन्टांत अडकून पडलेला आहे आणि शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. माहिती कुठून घेतली ते पानावरच सांगावे, कारण हवाला देणारा आधी तुमचा हवाला तपासतो. आणि पानाचा पत्ता रोमन लिपीत, आखूड ठेवावा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, पण तो उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की बहुतेक वेळा टक्क्याच्या चिन्हांची माळ होते. प्रत्येक देवनागरी खूण तीन बाइटची आणि प्रत्येक बाइटला तीन चिन्हे, त्यामुळे ‘बडोदे’ या पाच खुणांच्या (तीन अक्षरे आणि दोन मात्रा) शब्दाची ४५ चिन्हे होतात. तसला पत्ता पाहून माणसाला तो कुठला तरी विषाणू वाटतो आणि तो पुढे पाठवत नाही. मराठीच्या अभिमानापोटी मी हे दोन वर्षे मान्य केले नव्हते.

पान उत्तम असले तरी ते कोणाला माहीत नसेल तर दुवे येणार कुठून, हा आक्षेप योग्य आहे, आणि तिथे पत्रव्यवहार लागतो. शंभर जणांना एकच मजकूर पाठवणे हे मी पत्रव्यवहारात धरत नाही. मी आधी त्या विषयावरची पाने वाचते आणि त्यांतले मेलेले दुवे शोधते. जुन्या मराठी संकेतस्थळांवर ते पुष्कळ असतात, कारण ज्या मोफत सेवांवर ती पाने उभी होती त्यांतल्या कित्येक बंद पडल्या. मेलेल्या पत्त्यावर पूर्वी काय होते ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पाहता येते. ते पाहून, आपले पान खरोखर त्याची जागा घेऊ शकते का, हे प्रामाणिकपणे ठरवावे. मोडी शिकवणाऱ्या एका गृहस्थांना मी लिहिलेले पत्र एवढेच होते: ‘‘सप्रेम नमस्कार. आपल्या कालगणनेच्या पानावरील तिसरा दुवा आता उघडत नाही. त्याची जुनी प्रत वेबॅक मशीनवर आहे, तिचा पत्ता खाली देत आहे. याच विषयावर मीही एक कोष्टक केले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना उपयोगी वाटल्यास पाहावे, आणि चूक आढळल्यास अवश्य कळवावी.’’ यात दुवा द्या असे म्हटलेले नाही. जुन्या प्रतीचा पत्ता आधी दिला आहे, म्हणजे माझे पान न जोडताही त्यांचे काम होते. मी अशी पत्रे आठवड्याला तीन-चारच पाठवते; त्याहून अधिक पाने नीट वाचून होत नाहीत.

छायाचित्रांकडेही लक्ष ठेवावे. न्यायमंदिराचे आणि मांडवीचे मी काढलेले फोटो श्रेय देण्याच्या अटीवर कोणालाही वापरता येतील असे मी जाहीर केले आहे. वापरणाऱ्यांपैकी बरेच जण श्रेय द्यायला विसरतात. चित्रावरून शोध घेऊन त्यांना एक सौम्य ओळ लिहिली की बहुतेक जण लगेच दुवा जोडतात. कोणी तुमचे नाव घेतले पण दुवा दिला नाही, तिथेही हेच करावे.

विकिपीडियावर स्वतःच्या हाताने स्वतःचे पान संदर्भात घुसवू नये. तिथले बाहेरचे दुवे २००७ पासून नोफॉलो आहेत, त्यामुळे तसा फायदाही नाही, आणि संपादक ते काढून टाकतात. फारच उपयुक्त वाटले तर लेखाच्या चर्चापानावर सुचवावे आणि बाजूला व्हावे. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर पाहुणा लेख लिहिण्याविषयी माझे मत थोडे कडवट आहे: त्या वाचकांसाठी लिहायचे असेल तर जरूर लिहावे, केवळ तळाशी दुवा मिळावा म्हणून लिहू नये. गूगलच्या मॅट कट्स यांनी २०१४ च्या जानेवारीतच या प्रकाराचा बाजार झाल्याचे सांगून तो थांबवायला सांगितले होते. बाजार अजून चालू आहे. तसेच ‘डोमेन ऑथॉरिटी’ म्हणून जो शंभरपैकी आकडा लोक भाव ठरवताना पुढे करतात तो मॉझ या खाजगी कंपनीचा अंदाज आहे, गूगलचा नव्हे.

मिळालेले दुवे टिकवणे हे काम मला सर्वांत उशिरा कळले. तीन वर्षांपूर्वी संकेतस्थळाची रचना बदलताना मी सगळ्या लेखांच्या पत्त्यांतून साल काढून टाकले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, द्यायला विसरले. पाच आठवडे कोष्टकाकडे येणारा प्रत्येक जण ‘पान सापडले नाही’ या फलकावर आपटत होता. गिऱ्हाइकांना ज्याबद्दल मी बजावत असते तेच घरी घडले. वळणे दिल्यावर येणे-जाणे हळूहळू पूर्ववत झाले, पण त्या प्राध्यापकांच्या वाचनयादीतून माझे पान तोवर वगळले गेले होते, आणि पुन्हा घ्या असे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

ज्या गृहस्थांना मेलेल्या दुव्याचे पत्र लिहिले होते त्यांचे उत्तर मागच्या महिन्यात आले. दुव्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नव्हते. त्यांनी लिहिले होते की माझ्या कोष्टकानुसार ११६१ मध्ये ५९९ मिळवले तर १७६० येते, पण पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची आहे आणि ती याच शुहूर सनात पडते, तर हे कसे? हा सन मृग नक्षत्राबरोबर बदलतो, म्हणून वर्ष लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. माझ्या वहीतली अर्धी ओळ मी जशीच्या तशी पानावर नेली होती आणि इतकी वर्षे ती तिथेच होती. त्याच रात्री मी कोष्टकात दोन रकाने केले, पाचपैकी दोन उदाहरणे नव्याने सोडवली, दुरुस्तीची तारीख घातली आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या पानाकडे आभाराचा दुवा दिला. गेल्या सोमवारी पाहिले तर त्यांनी मेलेल्या तिसऱ्या दुव्याच्या जागी माझे कोष्टक जोडले आहे, आणि पुढे कंसात लिहिले आहे: दुरुस्त प्रत पाहावी.