दुमडलेलं पान

२७ डिसेंबर, रात्री

मी "चालेल" म्हटलं. घरी आले, भांडी घासली, उद्याचे कपडे काढून ठेवले, तरी ते "चालेल" कानातून जात नाही.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आपल्या कार्यक्रमाला ४० मिनिटं आहेत. आज पहिल्यांदाच घड्याळ लावून सलग तालीम केली, ती ४३ मिनिटांची झाली. दीड मिनिट शेवटच्या गाण्याचं धृपद एकदा कमी घेऊन निघालं. ४० सेकंद मंचावरच्या ये-जा करण्यातून निघाले. उरले ५० सेकंद. काका म्हणाले, "मुक्ताच्या निबंधातला बाळंतिणीचा तुकडा काढू. गुलटेकडीचा राहू दे, तो माणसं धरून ठेवतो." मी म्हटलं, चालेल. तो निबंध वाचणाऱ्या पोरीने पान ४ चा कोपरा दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि पुढचं वाचायला लागली. तिने काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

साडेनऊ वाजून गेले होते. चौकीदार किल्ल्या घेऊन दारात उभा होता. संहिता टाइप करण्यापासून चहाचे पैसे गोळा करण्यापर्यंत सहा आठवडे सगळं माझ्याच अंगावर आहे, आणि ते कुणाला दिसतही नाही. दमलेलं माणूस पटकन हो म्हणतं. हे खरं आहे, पण एवढ्याने भागत नाही. आज कुणी गुलटेकडीचं वाक्य काढायला सांगितलं असतं, तर तशा दमल्या अंगानेही मी भांडले असते. मग याच्यासाठी का नाही भांडले?

मुक्ता साळवेचा निबंध पुन्हा काढून वाचला. 'मांग महारांच्या दुःखाविषयीं'. ज्ञानोदय नियतकालिकाचे दोन अंक, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५. लिहिणारी मुलगी जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. ज्ञानोदयाने तिला दोन अंकांत जागा दिली. आम्हाला ५० सेकंद जड झाले.

गुलटेकडीचं वाक्य माणसं धरून ठेवतं, कारण त्याची घडणच तशी आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला, तर त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून गुलटेकडीच्या मैदानात खेळत, असं ती लिहिते. चेंडू, दांडू, मैदान. तीन शब्दांत चित्र उभं. त्यावर हलगीचा एक ठोका पडला की सभागृहात कुणी हलत नाही. ऐकणारे सगळे पुण्याचे, गुलटेकडी म्हणजे मार्केट यार्ड, कांद्याचे ट्रक, फुलबाजार. आपण रोज जातो त्या जमिनीवर हे झालं, हा धक्का मोठा आहे आणि तो बसायलाच हवा. पण त्यातले मारणारे १८१८ साली गेले. ऐकणारा चिडतो, टाळी वाजवतो आणि खुर्चीत सुरक्षित बसून राहतो.

बाळंतिणीच्या तुकड्यात तशी सोय नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, असं ती म्हणते. हिंव, पाऊस, वारा यांनी त्यांना किती त्रास होत असेल, ते स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, असं वाचणाऱ्याला सांगते. मग विचारते, बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? आणि लगेच पुढे, तुमच्यातल्या कोणत्या संभावित वैद्याने फुकट औषध दिलं? इथे तलवार नाही, मैदान नाही. एक बाई, गळकं आकाश आणि न आलेला वैद्य. न येणाऱ्या माणसाचा दोष दाखवणं फार अवघड असतं. तिने तो एका प्रश्नात दाखवला. मी तो प्रश्न काढायला हो म्हटलं.

हा तुकडा वाचायला अवघड आहे, हे मान्य. शब्द फार नाहीत, शंभराच्या आतच. पण सलग वाचला तर अर्ध्या मिनिटात संपतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. प्रश्नांच्या जागी थांबावंच लागतं, म्हणून ५० सेकंद. पोरीला मी उभ्या रेघा मारून दिल्या होत्या. एक रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांब आणि मान वर. 'हिंव, पाऊस, वारा' यांत श्वास घ्यायचा नाही. तिन्ही एका दमात, कारण त्या बाईवर ते एकदमच येतात. 'पाऊस'मधला प माइकवर फुटतो, म्हणून माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या किंचित बाजूला. वैद्याचा प्रश्न संपला की मनात तीन मोजायचे, नजर पहिल्या रांगेवर. पहिल्या आठवड्यात ती एक मोजून पळायची. शांतता अंगावर येते, वाचणाऱ्याला वाटतं आपण विसरलो असं लोकांना वाटेल. तीनपर्यंत थांबायला तिला पंधरा दिवस लागले. आज ते जमलं होतं, आणि आजच तो तुकडा गेला.

दुसरी एक चूक हमखास होते. असा मजकूर हाती आला की वाचणारा आवाज कापरा करतो, डोळे भरून आणतो. मग लोक वाचणाऱ्याकडे बघतात आणि मजकूर मागे पडतो. मुक्ता रडत नाही. ती जबानी देते, एकेक मुद्दा मोजून. ब्राह्मणांच्या मुलांनी दगडाने डोकं फोडलं तरी आमची पोरं सरकारात फिर्याद करत नाहीत, कारण उष्टं आणायला त्यांच्याच दारात जावं लागतं, हेही तिने लिहिलंय. जुलूम कशावर चालतो ते एका वाक्यात उलगडलंय. ते कोर्टात साक्ष द्यावी तसं वाचायचं, सपाट. आणि भाषा सुधारायची नाही. 'असें', 'कीं', 'बरें' आहे तसंच ठेवायचं. आजच्या मराठीत आणलं की तो निबंध शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतला वाटू लागतो.

आई बाळंतपणाबद्दल एक वाक्य म्हणायची. ते असू दे.

हलगीचंही आज बिनसलंच होतं. डिसेंबरच्या थंडीत कातडं सैल पडतं, आवाज बदबद येतो. अंगणात कागद आणि पाला पेटवून शेकली. हलगी हातभर उंचावर फिरती ठेवायची, एका जागी धरली की कातडं कड्याजवळ तडकतं. बोट मारल्यावर टणक आवाज आला की बाजूला. तो ताण फार टिकत नाही, वातानुकूलित सभागृहात तर त्याहून कमी. म्हणून हलगी सुरुवातीच्या गणाला, म्हणजे नमनाला, आणि गुलटेकडीला, दोन्ही पहिल्या पंधरा मिनिटांत. कुणीतरी सुचवलं की स्क्रू आवळायची फायबरची आणा, शेकायची कटकट नाही. कटकट नसते, पण तिचा प्रत्येक ठोका सारखाच येतो. बाळंतिणीच्या तुकड्याला मी हलगी ठेवलीच नव्हती. तिथे काहीच वाजायला नको होतं. आता वाटतं, म्हणूनच तो काकांना रिकामा वाटला असेल. ज्याच्याखाली वाद्य नाही, ते काढायला सोपं.

काकांना जलशाची जाण माझ्याहून जास्त आहे. जलशात वेळ कमी पडली की बतावणी, म्हणजे मधला विनोदी संवाद, आखडायची, वगाला, म्हणजे मुख्य नाट्याला, हात लावायचा नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच सांगाडा घेतला, पण गणात गणपतीच्या जागी निर्मिकाला, म्हणजे फुल्यांच्या विश्वनिर्मात्याला, नमन ठेवलं आणि बतावणीत भटजी-सावकाराची झाडाझडती घेतली. बतावणी सैल असते, जागच्या जागी वाढते, आखडते. म्हणून काकांवर राग नाही. त्यांना तो तुकडा बतावणी वाटला. मला तो वग वाटतो, आणि तसं मी बोलले नाही.

मग संहितेची बाकीची पानं चाळली आणि एक गोष्ट दिसली. सहा आठवड्यांत कशी दिसली नाही, कळत नाही. १८५५ सालीच जोतिरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, तिने नाकारलं, छापून यायला १९७९ उजाडलं. त्यात जोशी कुणाला फसवतो? गरोदर कुणबिणीला. पोटातल्या पोरावर ग्रह वाईट आहेत असं भय घालून. आपण तोच प्रवेश घेतलाय. पुढे ताराबाई शिंदे. 'स्त्री पुरुष तुलना', १८८२, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती, किंमत ९ आणे. त्याच्या मागे काय आहे? सुरतेची विजयालक्ष्मी, विधवा, लोकलाजेने नवजात मूल मारलं म्हणून आधी फाशीची शिक्षा, पुढे अपिलात कमी झालेली. पुणे वैभव या वृत्तपत्राने तिच्या निमित्ताने सगळ्या बायकांना धारेवर धरलं आणि बुलढाण्याची बाई लेखणी घेऊन उठली. तेही बाळंतपणच. आणि त्याआधी १८६३ मध्ये फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते अशाच बायकांसाठी.

म्हणजे मी जुळवलेल्या ४० मिनिटांच्या मधोमध प्रत्येक वेळी एक बाळंत होणारी बाईच आहे. एकीला ज्योतिषाने लुबाडलं, एकीला समाजाने खुनी ठरवलं, एकीला छप्परच नव्हतं. मी हे ठरवून केलं नव्हतं. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' पुन्हा उघडलं तर महारवाड्यातली उपाशी बाळंतीण तिथेही आहेच. अन्यायाविरुद्धच्या लिखाणात आपण मोर्चा, मशाल, तलवार शोधतो. ही माणसं सारखी परत या एका जागी येतात, जिथे बाई आडवी पडलेली असते आणि तिला मदतीला कुणीतरी हवं असतं. त्यातली एक मी आज ५० सेकंदांसाठी काढून टाकली.

गाळण्याचं हे असंच होतं. १९७२ च्या १५ ऑगस्टच्या साधना साप्ताहिकाच्या अंकात दलित पँथरच्या राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. त्यात दोन आकडे शेजारी ठेवले होते. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये दंड, दलित बाईचं लुगडं फेडलं तर ५० रुपये. गदारोळ झाला तो ध्वजाबद्दलच्या वाक्यावर. आज विचारलं तर लोकांना गदारोळ आठवतो, ५० रुपये आठवत नाहीत. सगळा लेख त्या ५० वर उभा आहे.

आणि हे जुनं झालं असंही नाही. आता गळीत हंगाम चालू आहे. पुण्याहून कुठल्याही बाजूला निघा, उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या लागतात. शेताच्या कडेला पालं. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे पैशांची कपात. दिवस भरलेली बाई खाड्याच्या भीतीने मोळ्या उचलते आणि पालात बाळंत होते. हिंव आणि वारा तिलाही आहे. मुक्ताचा प्रश्न पहिल्या रांगेला विचारला असता, तर तो तिथवर गेला असता. गुलटेकडी तिथवर जात नाही. मी का भांडले नाही, त्याचं उत्तर बहुतेक हेच आहे. गुलटेकडीवर मला टाळी मिळते. वैद्याच्या प्रश्नावर पहिल्या रांगेत बसलेली, आपल्याला मदत करणारी, आपल्या ओळखीची माणसं अस्वस्थ होतात, आणि त्यांच्याकडे मला कार्यक्रमानंतर चहा घ्यायला जायचं असतं. उष्टं आणायला जावं लागतं म्हणून फिर्याद नाही. तिने लिहिलंय की ते.

माझी ताई असती तर तिने सरळ विचारलं असतं. असो.

साडेअकरा. एक उपाय सापडला, आणि तो इतका समोर होता की आता मन शांत झालंय. सुरुवातीचं निवेदन माझं आहे. २ मिनिटं १० सेकंद. त्यात सावित्रीबाईंचा जन्म, भिडेवाडा, १८४८, सत्यशोधक समाजाची स्थापना, सगळं आहे. ३ जानेवारीला फुलेवाड्यावरून येणाऱ्या श्रोत्यांना यातलं काय नवं आहे? लाल पेन घेतलं. 'आज आपण इथे जमलो आहोत' गेलं. भिडेवाडा गेला, तो सगळ्यांना पाठ आहे. आभाराचं वाक्य शेवटी आहेच, इथलं गेलं. मोठ्याने वाचून पाहिलं, १ मिनिट १५ सेकंद. ५० हवे होते, ५५ निघाले. वरचे पाच हलगीवाल्याला, त्याला मंचावर यायला लागतात.

मी दमले होते, भ्याले होते, हो म्हणाले. तालीम त्यासाठीच असते, अजून सात दिवस आहेत. काकांना सकाळी फोन करेन. ते रागावणार नाहीत, फक्त विचारतील, मग आजच का नाही बोललीस. त्याला माझ्याकडे उत्तर आहे आता, ते सांगायचं धैर्य सकाळी असलं म्हणजे झालं.

पोरीला निरोप टाकला. पान ४ ची घडी उघड, उलट बाजूने एकदा दुमड आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेव, नाहीतर मंचावर पान उलटताना कोपरा अडकेल. तुकडा परत घेतलाय.

वाटलं झोपली असेल. दोन मिनिटांत उत्तर आलं. "ताई, थांबायचं वैद्याच्या आधी की नंतर?"

नंतर, म्हटलं. प्रश्न पुरा होऊ दे. मग तीन मोज.