हात सोडण्याआधीची तेरा वर्षे

१९८९ च्या मार्च महिन्यात कॅनडातील किचनर या शहरात मॅट हॉफमन नावाच्या सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने सायकलसकट हवेत अडीच गिरक्या घेतल्या आणि तो दोन्ही चाकांवर रॅम्पवर उतरला. स्पर्धेत ही कसरत पूर्ण होण्याची ती पहिलीच वेळ होती. अंशांच्या हिशेबाने तिला ‘नाइन हंड्रेड’ म्हणतात. पुढे २००२ मध्ये फिलाडेल्फियात, एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत, याच माणसाने याच अडीच गिरक्या पुन्हा घेतल्या, मात्र या वेळी हवेत असताना त्याने हँडलवरचे दोन्ही हात काढून घेतले आणि उतरण्यापूर्वी ते पुन्हा जागेवर आणले. पाहणाऱ्याला दोन्ही कसरतींत क्षणभराचाच फरक दिसतो, पण तेवढ्या फरकासाठी तेरा वर्षे गेली, आणि या तेरा वर्षांविषयी लिहावे असे माझ्या मनात बरेच दिवस आहे.

माझा आणि सायकलच्या कसरतींचा संबंध तसा दूरचा आहे. मी नागपुरात महाल भागात वाढलो, लहानपणी घराजवळच्या व्यायामशाळेत मल्लखांब शिकलो आणि आता संध्याकाळी तिथेच मुलांना शिकवतो. केबलवर खेळांच्या वाहिन्या आल्या तेव्हा रात्री उशिरा बीएमएक्सच्या, म्हणजे छोट्या सायकलवरील कसरतींच्या, स्पर्धा दाखवीत असत. वीस इंची चाकांची ती बुटकी सायकल भिंतीवरून आकाशात जाताना पाहिली आणि मला पहिल्यांदा आठवण झाली ती मल्लखांबाच्या बोंडावरून घेतलेल्या उडीची. तेव्हापासून मी या खेळाडूंच्या कारकिर्दी मन लावून पाहत आलो आहे.

हे स्वार ज्या रॅम्पवर उडतात त्याला ‘व्हर्ट’ म्हणतात. व्हर्ट म्हणजे उभा. समोरासमोर उभ्या केलेल्या दोन वक्र भिंती, मध्ये सपाट जागा, उंची साधारण बारा-तेरा फूट, आणि भिंतीचा शेवटचा फूटभर भाग ओळंब्याने तपासावा इतका सरळ उभा. कडेला लोखंडी नळी असते, तिला कोपिंग म्हणतात. जत्रेतील मौत का कुआँ आणि हा रॅम्प यांची लोक तुलना करतात, पण ती मला पटत नाही. विहिरीतील मोटारसायकल वेगाने गोल फिरत असल्यामुळे भिंतीला दाबली जाते आणि तिला भिंत सोडायचीच नसते. व्हर्टवरच्या स्वाराला मात्र भिंत सोडूनच जायचे असते. त्याला इंजिन नसते आणि हवेत गेल्यावर पेडल मारून काही उपयोग नसतो. मग कोपिंगच्या वर दहा फूट जाण्याइतका जोर येतो कुठून, या प्रश्नाचे उत्तर पंचमीच्या झोक्यात आहे. उभ्याने झोका चढवणारी मुलगी टोकाला गुडघे वाकवते, झोका तळाशी आला की अंग ताठ करते आणि दर फेरीला थोडी अधिक वर जाते. स्वारही नेमके तेच करतो : वळणात शिरताना अंग दुमडतो आणि वळणातून जाताना सर्व बळानिशी उभा राहतो. दहा फूट वर गेलेला माणूस पुन्हा कोपिंगपाशी यायला सुमारे दीड सेकंद लागतो. ज्याला काही नवे करून दाखवायचे आहे त्याच्या हाती एवढाच वेळ असतो, आणि त्यातलेही शेवटचे काही क्षण उतरण्यासाठी राखून ठेवावे लागतात.

हे मला तेव्हा कळले असते तर माझे मनगट वाचले असते. दहावीच्या सुट्टीत आम्ही तिघा मित्रांनी शेजारी चाललेल्या बांधकामावरून सेंटरिंगच्या जुन्या फळ्या मागून आणल्या, विटांवर तिरप्या टेकवल्या आणि त्याला रॅम्प म्हटले. फळी वाकत नाही, म्हणून उतार सरळच राहिला. सरळ उतार सायकलला वर नेत नाही, पुढे फेकतो, आणि पुढचे चाक आधी खाली जाते. दुसऱ्याच उडीला मी हाताच्या तळव्यावर पडलो. मनगटात सळई घालावी लागली आणि वर्षभर मी मल्लखांबाला हात लावू शकलो नाही. प्लॅस्टर घालून व्यायामशाळेत गेलो तेव्हा वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “बाबू, उडणं कोणी शिकवलं ते नाही विचारत, पडणं कोणी शिकवलं होतं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे व्हर्टच्या स्वारांचे बारकाईने निरीक्षण करू लागलो, तेव्हा वस्तादांचा तोच प्रश्न मला तिथे सुटलेला दिसला. नवशिका स्वार सर्वांत आधी कोणती गोष्ट शिकत असेल, तर ती म्हणजे हवेत गडबड झाल्यावर सायकल लाथेने दूर सारून गुडघ्यांवर उतरणे. गुडघ्यांना टणक प्लॅस्टिकच्या वाट्या असलेली जाड गादी बांधलेली असते आणि उतार वक्र असल्यामुळे तो त्या वाट्यांवर घसरत तळापर्यंत येतो. सपाट जमीन माणसाला एका ठिकाणी थांबवते, वक्र भिंत त्याला हळूहळू थांबवते. हा मार्ग अंगवळणी पडल्यानंतरच नवे काही करण्याचा विचार सुरू होतो.

नवी कसरत जन्माला कशी येते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण होजे यानेझ याचे आहे. सायकलवर उलटी कोलांटी मारणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव घेतले जाते. ही गोष्ट १९८४ च्या सुमाराची. त्याने ही कोलांटी आधी पाण्यात मारली : उतारावरून सायकलसकट पाण्यावर झेपावायचे, चुकले तर भिजायचे, सायकल बाहेर ओढायची आणि पुन्हा वर चढायचे. पुढे हीच कोलांटी तो सर्कशीत करू लागला. काटोलकडे माझ्या मामांच्या संत्र्याच्या बागेत मोठी विहीर आहे आणि उन्हाळ्यात तिथे पोहायला शिकणारी मुले काठावरून उलट्या कोलांट्या मारतात, कारण पाणी चूक पोटात घेते हे त्यांना ठाऊक असते. मला पहिली कोलांटी मामांनी तिथेच मारायला लावली होती. नंतरच्या काळात पाण्याची जागा फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्याने घेतली. पेनसिल्व्हेनियातील वुडवर्डच्या शिबिरात असे खड्डे आहेत आणि कित्येक अवघड कसरती आधी अशाच खड्ड्यांत शंभर वेळा चुकलेल्या असतात.

परंतु कोलांटी व्हर्टवर नेताना एक अडचण येते, आणि हॉफमनची खरी बुद्धी मला तिथे दिसते. भिंतीवर चढत असताना तोंड वरच्या दिशेला असते. तिथून पूर्ण उलटी कोलांटी घेतली की तोंड पुन्हा वरच्याच दिशेला राहते, म्हणजे उतरताना सायकल मागे मागे जाते. हॉफमनने कोलांटीतच अर्धी गिरकी मिसळली. अंग मागे उलटत असतानाच खांदा वळवायचा, म्हणजे उतरताना तोंड खाली, उताराच्या दिशेला येते आणि स्वार सरळ पुढे निघून जातो. या कसरतीला ‘फ्लेअर’ म्हणतात. यात कोलांटीही नवी नव्हती आणि अर्धी गिरकीही नवी नव्हती. त्या दोन्ही एकाच दीड सेकंदात बसतील हे कोणाला तरी सुचावे लागले, आणि नंतर ते शरीराला पटवून द्यावे लागले.

कधी अडचण शरीराची नसून सायकलची असते. हँडल एकाच दिशेने पूर्ण फिरवले की मागच्या ब्रेकची तार त्याभोवती गुंडाळली जाते आणि दुसरा फेरा अशक्य होतो. ब्रायन स्क्युरा याने हँडलच्या दांड्याभोवती फिरणारी एक चकती बसवून तारेचे दोन भाग केले. ‘जायरो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनामुळे हँडल हवे तितके गोल फिरवता येऊ लागले आणि त्यातून कसरतींची एक संपूर्ण शाखा उघडली. जो जॉन्सन याने हँडल धरून ठेवत बाकीची सायकल पायांखालून गोल फिरवण्याची ‘टेलव्हिप’ व्हर्टवर हवेत नेली, आणि आज तीच टेलव्हिप फ्लेअरमध्ये मिसळणारे स्वार आहेत. मल्लखांबातही साधी अढी आल्याशिवाय पुढची कुठलीच उडी येत नाही. फरक एवढाच की सायकलच्या खेळात कसरत पहिल्यांदा करणाऱ्याचे नाव लक्षात ठेवले जाते. पेशवाईत बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले एवढे आपण सांगतो, पण दसरंग कोणी काढला, सुईदोरा कोणाला सुचला, याची नोंद आपण ठेवली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

फ्लेअर रुळल्यावर पुढचा प्रश्न उघड होता : दोन कोलांट्या आणि अर्धी गिरकी. ऱ्होड आयलंडच्या केव्हिन रॉबिन्सनने २००६ च्या एक्स गेम्समध्ये ‘डबल फ्लेअर’ पूर्ण केली, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीची भाषा बोलू लागतात. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याने रॅम्पच्या कडेपासून २७ फूट उंच झेप घेऊन उंचीचा विक्रम केला, आणि तो विक्रम मोडला होता हॉफमनचा.

हॉफमनची कारकीर्द नुसती पदकांनी मोजता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फ्रीस्टाइलची, म्हणजे सायकलवरच्या या कसरतींची, लाट ओसरली, सायकल कंपन्यांनी पाठ फिरवली, स्पर्धा बंद पडल्या, आणि विशीतही न पोचलेल्या या मुलाला कळून चुकले की ज्या मंचावर तो मोठा झाला तो मंचच आता उरलेला नाही. त्याने ओक्लाहोमात स्वतःची सायकल कंपनी काढली, कारण बाजारातल्या सायकली त्याच्या उड्यांखाली मोडत होत्या. आणि १९९२ पासून स्वतःची स्पर्धामालिका सुरू केली. १९९५ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीने आपले पहिले एक्स्ट्रीम गेम्स, म्हणजेच पुढचे एक्स गेम्स, भरवले तेव्हा दाखवण्याजोगे स्वार तयार होते, याचे बरेच श्रेय मी त्या मधल्या कोरड्या वर्षांना देतो. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी व्हर्टचे सुवर्णपदक त्यानेच जिंकले. दरम्यान त्याने वीस फुटांहून उंच भिंत बांधून, मोटारसायकलला बांधलेल्या दोरीने वेग घेऊन आकाशात जाण्याचे प्रयोग चालवले होते. एकदा पडल्यावर त्याची प्लीहा फुटली आणि रक्तस्रावाने तो मरता मरता वाचला. २००१ मध्ये त्याने २४ फुटी भिंतीच्या वर साडेसव्वीस फूट झेप घेतली, म्हणजे जमिनीपासून पन्नास फुटांवर. त्या झेपेत तो सुमारे अडीच सेकंद हवेत होता. त्याच्या शरीरावर वीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

याच्या अगदी उलट वाटचाल जेमी बेस्टविकची. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमकडचा हा माणूस विमान-उद्योगात नोकरी करीत होता, मग तो अमेरिकेत गेला आणि २००७ पासून त्याने एक्स गेम्समध्ये व्हर्टची सलग नऊ सुवर्णपदके जिंकली. वयाची चाळिशी ओलांडूनही तो जिंकत राहिला. त्याची फेरी पाहताना एकही हालचाल जास्तीची वाटत नाही.

व्हर्टला ऑलिंपिकमध्ये जागा मिळालेली नाही. टोकियोत फ्रीस्टाइल आले ते अनेक लहानमोठे रॅम्प असलेल्या ‘पार्क’ या प्रकारात, आणि तिथे पहिल्या फेरीत पडलेल्या ब्रिटनच्या शार्लट वर्दिंग्टनने दुसऱ्या फेरीत स्पर्धेत तोवर कोणत्याही स्त्रीने न केलेली, पूर्ण गिरकीसह उलटी कोलांटी पार पाडून सुवर्ण जिंकले. ती फेरी मी व्यायामशाळेतील मुलींना मोबाइलवर दाखवली. त्यांना सुवर्णपदकापेक्षा पहिल्या फेरीतील पडणे पुन्हा पाहायचे होते, आणि मी ते पुन्हा दाखवले.

एक गोष्ट मात्र त्यांना दाखवता येत नाही. डेव्ह मिरा या अमेरिकन स्वाराने २००० मध्ये स्पर्धेतील पहिली दुहेरी उलटी कोलांटी मारली, एक्स गेम्सची चोवीस पदके मिळवली, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचे जीवन संपवले. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा सीटीई हा विकार आढळला. साहसी खेळांतील खेळाडूत तो निदान होण्याची ती पहिली वेळ होती. मोडलेले मनगट डोळ्यांना दिसते, प्लॅस्टर घातले जाते, सळई बसते. डोक्याला बसलेला धक्का दिसत नाही, मूल उठून हसते आणि पुन्हा रांगेत उभे राहते. नव्या कसरतीच्या मागची जी शंभर पडणी मी वर इतक्या आनंदाने सांगितली, त्यांतली किती डोक्यावरची होती, हे त्या काळी कोणी मोजत नव्हते.

म्हणून २०१६ पासून आमच्या व्यायामशाळेत मी एक वही ठेवली आहे. कोण, कोणत्या तारखेला, कशावरून आणि कसे पडले, हे तिच्यात लिहितो. डोके आपटले असेल तर त्या ओळीखाली लाल रेघ मारतो. ते मूल त्या दिवशी खांबावर चढत नाही, डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पुढेही चढत नाही, आणि स्पर्धा तोंडावर असली की पालक यावरून माझ्याशी भांडतात. सध्या आठवीतली एक मुलगी दोन्ही हात सोडून एक नवी उडी बसवते आहे. एरंडेल लावलेल्या खांबावर तिची पायांची पकड अजून शेवटच्या क्षणी सरकते. तिच्या नावापुढे वहीत एकेचाळीस ओळी आहेत आणि त्यांत एकही लाल रेघ नाही. सध्या ती एकच हात सोडते.