तुम्ही विचारलंत म्हणून: तेव्हा कुठलं आलंय प्रेम?

मी जुन्या मुंबईतल्या प्रेमकथा लिहिते. हलक्याफुलक्या, शेवट गोड असलेल्या. तीन लिहून झाल्या, चौथी अडली आहे. एवढं सांगितलं की समोरचं माणूस आधी 'वा!' म्हणतं आणि मग हमखास विचारतं, "पण तेव्हा कुठलं आलंय प्रेम? पाळण्यातून उतरलं की बोहल्यावर. नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायचीसुद्धा चोरी. त्यात तुम्ही प्रेम आणता कुठून?"

हा प्रश्न मला सोसायटीच्या हळदीकुंकवात विचारला गेलाय, सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकले असताना विचारला गेलाय, आणि दाढ काढायला गेले तेव्हा खुर्चीत आ वासलेली असतानाही. डॉक्टरांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

आधी एक गंमत. कादंबरी हा शब्दच मुळी एका नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात एक प्रेमकथा लिहायला घेतली, ती पुरी व्हायच्या आत तो गेला, मुलाने ती पूर्ण केली. तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. हिंदीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा म्हणतात. आपण आणि कानडी लोक मात्र खुनाच्या गोष्टीलाही त्या प्रेमात पडलेल्या मुलीच्या नावानेच हाक मारतो. तेव्हा मराठीत प्रेमकथा आणायची कुठून, हा प्रश्न जरा उलटाच आहे.

तरी पहिलं हस्तलिखित घेऊन मी एका प्रकाशकांकडे गेले, तेव्हा त्यांनी पानं उलटून विचारलं होतं, "यात लढाई कुठाय?" त्यांचीही चूक नव्हती. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात ती गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ सालची, शिवकाळातली. तेव्हापासून आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की गड हवा, तलवार हवी, निदान घोडा तरी हवाच. घोडे माझ्या पुस्तकात होते, पण ते ट्राम ओढत होते.

९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुनी, भाडं तीन आणे. कॉलेजात असताना वाचनालयातून भाड्याने आणून ज्या इंग्रजी प्रेमकथा मी अधाशासारख्या वाचायचे, त्यातल्या बऱ्याचशा इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे १८११ ते १८२० मधल्या असत. त्यात नाचाचे जलसे, बग्ग्या, बागेतल्या पायवाटा. लेखिकेला दोघांना भेटवायची काही अडचणच नाही. आमच्याकडे नाचाला कोण जाणार? माझं पहिलं वर्ष नुसतं जागा शोधण्यात गेलं. विहीर, देऊळ, कीर्तन हे सगळं खरं, पण तिथे आजूबाजूला चार म्हाताऱ्या असतातच. ट्राम सापडली आणि मी उडीच मारली. अनोळखी माणसं एका बाकावर, तीही आपापले पैसे देऊन!

पहिल्या पुस्तकाचा नायक तिने टाकून दिलेलं ट्रामचं तिकीट पोथीत जपून ठेवतो. प्रसंग मला इतका आवडला होता की लिहिताना मी स्वतःच रडले. पुस्तक छापायला जायच्या आठ दिवस आधी वाचनात आलं की सुरुवातीचे काही महिने ट्रामवाले तिकीटच देत नव्हते. पैसे घेतले, बसा. माझी गोष्ट तर पहिल्याच आठवड्यातली. झालं! पोथी रिकामी. दोन दिवस डोकं धरून बसले. मग नायकाजवळ जपून ठेवायला काहीच उरलं नाही, म्हणून त्याला सगळं लक्षात ठेवावं लागलं: तिने कुठल्या हाताने दांडा धरला होता, नऊवारीचा काठ कुठल्या रंगाचा होता, पायधुनी आल्यावर ती कुठल्या बाजूने उतरली. ते पान आधीच्यापेक्षा बरं झालं. तारखांचा जाच होतो म्हणणाऱ्या नव्या लेखकांना मी हा किस्सा सांगते, पण त्यांना तो विशेष पटत नाही.

दुसऱ्या पुस्तकाचं कथानक तर मला आयतंच मिळालं. तेव्हा मुंबईत दोन वेळा चालत. शहराची स्वतःची मुंबई वेळ होती आणि रेल्वे चालायची मद्रास वेळेवर, जी सुमारे अर्धा तास पुढे होती. म्हणजे शहरात साडेपाच वाजले की बोरीबंदरच्या फलाटावर सहा. आता माझा नायक रेल्वेच्या कचेरीत कारकून, त्याच्या खिशात रेल्वेचं घड्याळ. नायिका गिरगावात मुलींच्या शाळेत शिकवणारी, तिच्या शाळेची घंटा शहराच्या वेळेची. पुस्तक परत करायला देवळापाशी सहाला भेटायचं ठरतं. तो त्याच्या सहाला येतो, अर्धा तास चपला झिजवतो, 'नको असेल तर नको' म्हणून चालू लागतो. ती तिच्या सहाला येते तेव्हा तो नुकताच वळणाआड गेलेला असतो. दोघंही वक्तशीर, आणि दोघांच्या मते समोरचा उर्मट. इतर लेखिकांना गैरसमजासाठी खोटी पत्रं आणि कपटी मावशी लागते, मला इथे सरकारनेच तजवीज करून ठेवली होती. एका वाचकाने फोन करून सुनावलं, "बाई, हे फारच ओढूनताणून." मी म्हटलं, ओढलंय ते आम्ही नाही हो, रेल्वेने. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ काही लगेच सोडली नाही, हेही सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

आता त्या पाळण्यातल्या लग्नांचं. तो आक्षेप मी हसून उडवत नाही. संमतीचं वय दहा होतं, ते बारा करायला १८९१ साल उजाडलं आणि त्यावरही केवढा गदारोळ झाला. अकरा वर्षांच्या मुलीच्या गालावर लाली चढवणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही. म्हणून माझ्या नायिका वीस-बावीसच्या असतात आणि त्यामुळे बहुतेक वेळा विधवा असतात. पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा, पण त्याचा उपयोग करणाराला जातीबाहेर टाकायला लोक टपलेलेच. त्यामुळे 'ती हो म्हणेल का' यापेक्षा 'तिला हो म्हणता येईल का' हाच माझ्या गोष्टीतला खरा पेच असतो. टेबलासमोर मी रखमाबाईंचा फोटो लावलाय. लहानपणी लावलेलं लग्न आपल्याला मान्य नाही, असं त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात सांगितलं. १८८७ मध्ये निकाल आला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. प्रेमकथा लिहिणारीने असला फोटो का लावावा, असं घरी येणारे विचारतात. 'नाही' म्हणण्याची सोय नसेल तर त्या 'हो'ला मी कशाला तीनशे पानं देऊ?

आणि हलकंफुलकं का, असं विचाराल तर त्या बायका हसत होत्या म्हणून. अमेरिकेत 'इन्स्पिरेशनल' म्हणून ऐतिहासिक प्रेमकथांचा एक प्रकारच आहे. त्यात देवावरच्या श्रद्धेचा धागा प्रेमाइतकाच जाड असतो आणि शयनगृहाचं दार बंद असतं. एका मैत्रिणीने मला त्यातली दोन-चार पुस्तकं दिली आणि म्हणाली, "असलं मराठीत नाही ना?" मी तिला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली.

बघा ना. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, अवलिया, घरात पैसा टिकू न देणारा. १८९५च्या फेब्रुवारीत तो मुंबईत बाप्तिस्मा घेतो. इकडे बायकोचं जग कोसळतं. आसपासचे सगळे सांगतात, विसर त्याला. ती विसरत नाही, पण धर्मही सोडत नाही. काही वर्षं ताटातूट. मग एक दिवस ती परत जाते, तीही आपलं सोवळं-ओवळं सांभाळून! ते सोवळं पुढे कसं सुटत गेलं, हे ती इतक्या मिश्कीलपणे सांगते की हसता हसता आपण मधेच थांबतो. १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. यात श्रद्धा आहे, विनोद आहे, विरह आहे, मीलन आहे. कुणी कल्पनेने लिहिली असती तर तिलाही 'बाई, ओढूनताणून' असा फोन आला असता.

ज्यांनी सोसलं त्यांनी इतकं हसून लिहून ठेवलंय, आणि आपण त्यांच्यावर लिहायला बसलो की पहिल्या ओळीपासून डोळ्याला पदर. मला ते जरा अपमानकारक वाटतं. माझ्या कादंबऱ्या काही थोर नाहीत. ठाण्याला गाडीत बसून विरारला उतरेपर्यंत संपाव्यात, मध्ये दादरला गाडी बदलताना पान दुमडून ठेवावंसं वाटावं, एवढीच माझी अपेक्षा.

पण प्रेम होतं का, हा तुमचा मूळ प्रश्न. माझ्याकडे त्याला कागदोपत्री पुरावा एकच आहे, तोही माझ्या घरचा.

माझी आजी गिरगावात चाळीत राहायची. आजोबांचं नाव हरी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिच्या काळात सगळ्याच जणी पाळत. नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही चारचौघींनी दार अडवून धरल्यावर. आजीने मात्र हा नियम फारच ताणला होता. नावाचा भाससुद्धा जिभेवर नको, म्हणून ती हरभऱ्याला 'घोड्याचा दाणा' म्हणायची. उसळ घोड्याच्या दाण्याची, डाळही घोड्याच्या दाण्याची. आम्ही नातवंडं तिला मुद्दाम छळायचो, "आजी, देवाचं नाव घे ना, हरी हरी म्हण!" ती म्हणायची, "मला विठ्ठल पुरतो." आणि आजोबा पेपराआड खुदकन हसायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांना एकमेकांशी गोड बोलताना मी कधी ऐकलं नाही. तो पेपर मात्र अजून दिसतो, हसण्याने हलणारा.

आजोबा गेल्यानंतर आजी अकरा वर्षं होती. तिची खोली आवरताना गादीखाली वाण्याच्या याद्या सापडल्या, तिच्याच अक्षरातल्या. शेवटची यादी ती जायच्या आधीच्या आठवड्यातली. साखर एक किलो, चहा पाव किलो, गूळ, आणि त्याखाली, घोड्याचा दाणा अर्धा किलो.