पालकसभेत मावशींनी विचारलेला प्रश्न

आज अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत पालकसभेला बोलले. विषय ऑनलाइन बाल लैंगिक शोषण. म्हणजे अर्धी सभा जमिनीकडे बघणार, ठरलेलंच!

मी फोटोडीएनए समजावत होते, म्हणजे शोषणाचे आधी सापडलेले फोटो पुन्हा ओळखणारं तंत्रज्ञान. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमाउथ कॉलेजच्या हॅनी फरीद यांनी ते तयार केलं. शोषणाच्या सापडलेल्या फोटोचा आकड्यांत ठसा काढून ठेवायचा. तोच फोटो कुणी पुन्हा चढवला, आकार जरा बदलून का होईना, की ठसा जुळतो. पण नव्याने काढलेला फोटो निसटतो, त्याची नोंदच नसते. त्यात आता एआयची बनावट चित्रं.

तेवढ्यात एक मावशी उठल्या. थेट कापूस वेचून आलेल्या, पदराला बोंडांचा पाचोळा तसाच. “ताई, पोर दिनभर मोबाईलमाच ऱ्हास. तिनासंगे कोन बोलस, हाई कसं समजी?”

खरं सांगू, माझ्या सगळ्या भाषणापेक्षा हा प्रश्न मोठा होता. गेमच्या चॅटमध्ये समवयस्क बनून ओळख, मग एक फोटो, मग त्याच फोटोवरून धमकी. लेकरू गप्प बसतं ते मार बसेल म्हणून. मी म्हटलं, मावशी, आधी तिला सांगा, काहीही झालं तरी ओरडणार नाही. मग 1098 या चाइल्डलाइनला किंवा 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि चॅट पुसू नका, पोलिसांना तोच पुरावा लागतो.

बापमंडळी मोजकीच होती. पुढची सभा रात्री जेवणानंतर ठेवा, असं मुख्याध्यापकांना सांगून आलेय.